चौथ्या भागावरची सही

कारखान्याचा भोंगा यंदा मी पहिल्यांदाच घरात बसून ऐकला. तीस वर्षं तो वाजायचा तेव्हा मी उसाच्या वजनकाट्यावर असायचो, नाहीतर काट्याच्या वाटेवर. उन्हाळ्यात निवृत्त झालो, आणि आता पाटसच्या घरी ओट्यावर चहाचा कप धरून भोंगा थांबेपर्यंत नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या कपड्यांवर चिपाडाच्या राखेचे काळे ठिपके आले. रस्त्यावर ट्रॉल्यांतून पडलेली उसाची कांडकी दिसायला लागली. 'आला तुमचा हंगाम,' बायको म्हणाली, आणि तिनं सगळे कपडे परत पाण्यात टाकले.

या दिवसांत माणसांना काय काय गोड आठवतं. पहाटेचं धुकं, उसाच्या फडात पेटलेल्या चुली, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, गरम रस. मलाही आठवायचं. पण गेली चार वर्षं मळीचा आंबूस वास नाकात शिरला की आधी माझे कान गरम होतात. लाज माणसाला कुठं कुठं होते, याचा मी चांगला अभ्यास केलाय. माझी कानात सुरू होते आणि मानेवरून खाली उतरते. बायकोला वाटतं रक्तदाब आहे. तिनं गोळ्याही सुरू करायला लावल्या.

माझं काम काट्यावरच्या कारकुनाचं. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं. गव्हाणीत ऊस टाकून रिकामी गाडी परत येते, तिचंही वजन होतं. दोन्ही झाल्याशिवाय पावती निघत नाही. गाडीवाला कितीही ओळखीचा असो, मागं कितीही रांग लागलेली असो, 'रिकामीचं अंदाजानं टाका की भाऊसाहेब' असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याकडं असा बघायचो की तो पुन्हा तसं बोलायचा नाही. या शिस्तीचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे म्हणा, पण आता तो कुणापुढं काढून दाखवावासा वाटत नाही.

आमच्याकडं एक वाचनालय आहे. एक खोली, सहा कपाटं, एक पंखा. तिथं आम्ही आठ-नऊ जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचो आणि नव्या कादंबऱ्यांवर बोलायचो. जुन्यांवर बोलायला सगळेच असतात, आपण आजच्या लेखकांवर बोलायचं, असा आमचा हट्ट होता. अडचण अशी की वाचनालयात नव्या कादंबरीची एकच प्रत यायची, आणि महिन्याभरात आठ जणांनी ती वाचायची कशी? त्यावर बाबूमामांनी तोड काढली. बाबूमामा दौंडला रेल्वेत होते, बुकबाइंडिंग ते हौसेनं शिकलेले. ते आलेली कादंबरी सरळ उसवायचे. शिवण काढून तिचे पाच भाग करायचे, प्रत्येकाला खाकी पुठ्ठा लावायचे आणि वर निळ्या पेन्सिलीनं आकडा घालायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. मग ते पाच भाग गावभर फिरायचे. एक माझ्याकडं काट्यावर, एक शाळेत नलिनीताईंकडं, एक मेडिकलच्या दुकानात, एक एसटीत कुणाच्या तरी पिशवीत. पुण्याची पाहुणे मंडळी हे बघून हळहळायची. पुस्तकाचे असे तुकडे? पण एका कादंबरीनं एका महिन्यात नऊ घरं पालथी घातलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

नियम दोनच होते, आणि ते नलिनीताईंचे. भाग वाचून झाला की पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सही करायची. पाचही पुठ्ठ्यांवर ज्याची सही असेल त्यानंच रविवारी बोलायचं. हेडमास्तरीण बाईंचा नियम, मोडणार कोण? मी तर नाहीच. उलट एकदा कुणाची तरी एक सही राहिली होती, तर मीच त्याला गप्प बसवलं होतं.

मला मतं फार. आताच्या लेखकांविषयी तर विचारू नका. कुणाची भाषा शहरी, कुणाचं दुःख उसनं, कुणाला शेवट जमत नाही. 'लेखकाला जमलं नाही' हे वाक्य माझ्या तोंडात सुपारीसारखं असायचं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, वाचक जमले की आपण लेखकाविषयी असं बोलतो जसं काही तो आपल्याकडं रोजंदारीवर होता आणि बांध नीट घातला नाही. बोलताना बरं वाटतं. आपण स्वतः एक ओळ लिहिलेली नसते, त्यामुळं आपलं काही जमलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. मी बोललो की मंडळी माना डोलवायची, आणि घरी जाताना मला थोडं उंच झाल्यासारखं वाटायचं.

त्या हंगामात वाचनालयात एक कादंबरी आली. तिचं नाव इथं लिहीत नाही, माझ्यामुळं तिला आधीच पुरेसा त्रास झालाय. लिहिणारी शालन कोळपे, शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईची अंगणवाडी सेविका. पहिलंच पुस्तक. आजोबांपर्यंत घर मेंढरांमागं फिरलेलं, आता शेती. कादंबरीही तिच्याच लोकांची, दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडं उतरणाऱ्यांची. नवरा मेलेली शेवंता दिराबरोबर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन निघते, वाटेत मुक्काम पडत जातात, आणि शेवटी एक दिवस ती पोराला, कोकरांना, सगळ्यांना सोडून चालायला लागते. नलिनीताईंनी लेखिकेला पत्र लिहिलं. दुसऱ्या रविवारी तुमच्या पुस्तकावर बोलणार आहोत, याल का? तिचं लगेच उत्तर आलं, येते.

भाग फिरायला लागले. मला पहिला मिळाला, मग तिसरा, मग दुसरा. आमच्यात असं उलटसुलट वाचायची सवय होती. मग पाचवा. शेवंता निघून जाते ते पाचव्यात. चौथा आला तो शनिवारी दुपारी, काट्यावर, एका ट्रॅक्टरवाल्याच्या हातून. गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली होती. मी आलेल्या कागदावर सही करावी तशी पुठ्ठ्याच्या आत सही केली. वाचू सावकाश, संध्याकाळी. आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाबूमामा सायकलवरून आले. त्यांचा तेवढाच भाग राहिला होता आणि उद्या तर बैठक. मी दिला. त्यांनी पुठ्ठा उघडून माझी सही बघितली.

'दुपारी आला न् वाचलाबी व्हय?' ते म्हणाले.

मी म्हणालो, 'पन्नास पानं तर आहेत, मामा.' पन्नास पानं आहेत हे खरंच होतं. त्यांनी पिशवीत भाग घातला आणि ते निघून गेले.

रविवारी ती आली. कवठ्याहून शिरूर, शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुला, चौफुल्यावरून पाटस, असे तीन टप्पे करून. बरोबर घरच्या डाळिंबांची पिशवी. खोलीत शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या, आमच्यापैकी कुणीच काढल्या नव्हत्या. टेबलावर तिच्या पुस्तकाचे पाच तुकडे मांडलेले बघून ती क्षणभर थबकली. मग बाबूमामांनी समजावून सांगितल्यावर हसली. तिनं एकेक भाग हातात घेऊन आतल्या सह्या वाचल्या. एवढ्या माणसांनी वाचलं, असं ती हळूच म्हणाली. त्या सह्यांत माझी पाच वेळा होती.

मंडळी बोलली. बरंच बरं बोलली. मग माझी पाळी आली, आणि मी अर्धा तास बोललो. भाषा छान आहे, बारकावे छान आहेत, असं म्हणून मी आधी पोतं भरलं आणि मग उपडं केलं. शेवंता सगळं सोडून का जाते? दीर तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, वाईट नजरेनं बघत नाही. मग का? याचं उत्तर कादंबरीत नाही, मी म्हणालो. आणि मग एक वाक्य टाकलं, जे मी काट्यावर बसून सकाळपासून घोळवत होतो: खेड्यातल्या नव्या लेखकांना प्रसंग सांगता येतो, कारण सांगता येत नाही.

नलिनीताई काहीतरी म्हणणार होत्या. चौथ्या भागातलंच काहीतरी, हे मला आज कळतं. पण मी थांबलोच नाही, आणि त्या स्वभावानं मधे बोलणाऱ्या नव्हेत. बाबूमामा खिडकीबाहेर बघत बसले होते.

शालनताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, लेखिका आहे, वाद घालील. वादाची मी तयारीही केली होती. पण त्या म्हणाल्या, 'तुमी म्हंता तसं आसंल, सर. मला वाटलं व्हतं लिवलंय. म्हंजी आलं न्हाई ते पानावर.' आणि पिशवीतून अंगणवाडीची जुनी वही काढून त्यांनी मला ते वाक्य पुन्हा सांगायला सांगितलं, नीट उतरवून घेता यावं म्हणून. मी सांगितलं. हळूहळू, शब्द सुटे करून, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. नंतर आम्ही सगळ्यांनी डाळिंबं खाल्ली. गोड होती.

हे सगळं मी दोन वर्षं सपशेल विसरलो होतो. माणूस स्वतःच्या बाबतीत असाच असतो, काही टोचलं नाही तर काही घडलंच नाही. मग पुढच्याच्या पुढच्या हंगामात वाचनालयाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. तिच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती, सुधारलेली. मनोगतात माझं नाव. पहिल्या आवृत्तीतली मोठी उणीव ज्यांनी दाखवून दिली त्या जाणकार वाचकाचे आभार, असं छापलेलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी ते पान काट्यावर सगळ्यांना दाखवलं. पुण्याच्या मुलीनं फोटो मागवून स्टेटसला ठेवला. जावयानं अंगठा पाठवला. नलिनीताईंनी पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि फक्त एवढंच विचारलं, की भाऊसाहेब, तुम्हाला तेव्हा चौथा भाग खरंच पटला नव्हता का. मी म्हणालो, नव्हता.

म्हणजे मी एकदा नाही, दोनदा खोटं बोललो. दुसऱ्यांदा तर रांगही नव्हती.

त्यांच्या प्रश्नानं मात्र किडा वळवळायला लागला. त्या आठवड्यात मी नवी आवृत्ती वाचून काढली. शेवंता निघण्याआधी तीन पानं बोलते. दिराला, जावेला, देवाला, सगळ्यांना उद्देशून. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, बाईच्या शब्दाला किंमत नाही, मी माणूस नाही का. सगळं खरं, आणि सगळं नाटकाच्या स्टेजवरून ऐकू आल्यासारखं. तेव्हा कुठं मी कपाटातून जुना चौथा भाग काढला, जिथं दोन वर्षांपूर्वी माझी सही पडली होती, आणि वाचनालयातल्याच बाकावर बसून वाचायला घेतला.

त्या पन्नास पानांत काहीच घडत नाही. कळप चालतो, मुक्काम पडतो, पाल उभं राहतं. दर संध्याकाळी शेवंता कोकरं वाघरीत घालते, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणि घालताना मोजते. मग मेंढरं घेऊन दीर येतो, पाणी पितो, आणि वाघरीपाशी जाऊन कोकरं पुन्हा मोजतो. तिचा आकडा कधीच चुकत नाही. तोही कधी काही बोलत नाही, वाईट माणूस नाही तो. पुढचा मुक्काम, पुन्हा तेच. कधी त्या मोजण्याला नुसतं अर्धं वाक्य असतं, कधी भाकरीच्या वाफेआड ते दिसतं न दिसतं. असे कितीतरी मुक्काम. आणि शेवटच्या संध्याकाळी शेवंता कोकरं वाघरीत घालते आणि मोजत नाही. भाग तिथंच संपतो.

मी पुठ्ठा मिटला. बाहेरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, ट्रॅक्टरवर कसलंसं गाणं मोठ्यानं लावलेलं होतं. इतकं चांगलं मी त्या वर्षात काहीच वाचलं नव्हतं. आणि नव्या आवृत्तीत त्या मोजण्यातलं निम्मं काढून टाकलं होतं, कारण आता तीन पानांचं भाषण होतं, मग कशाला.

त्या दिवशी फोन करायला हवा होता. नंबर होता. पण काय सांगायचं? 'बाई, मी वाचलं नव्हतं' एवढं वाक्य. इतकं छोटं वाक्य मला चार वर्षं जमलं नाही. दर हंगामाला ठरवायचो, गाळप संपेस्तोवर सांगू. मग पट्टा पडायचा, म्हणजे गाळप संपायचं, भोंगा बंद व्हायचा, उन्हाळा लागायचा, आणि मी म्हणायचो पुढच्या हंगामात. मध्यंतरी रविवारच्या बैठकीला मी जायचो, पण बोलायचो कमी. भाऊसाहेब परिपक्व झाले, असं मंडळींना वाटलं.

यंदा दिवाळीनंतर तिचाच फोन आला. तिसरी आवृत्ती निघतेय. प्रकाशकानं काही बदल असतील तर आठवडाभरात कळवायला सांगितलंय. 'म्हनलं सरांना इचारावं. तुमच्याबिगर कुनी खरं बोललंच न्हाई.' मी म्हणालो, फोनवर नको, मी येतो. बायकोला शिरूरला लग्नाची बोलणी आहेत असं सांगितलं. सहा वर्षांत आणखी एका खोट्यानं काय बिघडणार होतं?

न्हावऱ्याच्या पुढं रस्त्याला ऊस, मग कांदा, मग पुन्हा ऊस. गाडीत माझ्या शेजारी रांजणगावच्या कंपनीत जाणारी पोरं फोनवर हिंदीत सुपरवायझरची नक्कल करत होती. शिरूरला उतरून कवठ्याची गाडी धरली. तीन टप्प्यांत माझी कंबर धरली. आणि ही बाई हाच रस्ता उलटा, मांडीवर डाळिंबांची पिशवी घेऊन आली होती, एका माणसाचं मत ऐकायला.

अंगणवाडीत खिचडीचा वास होता. पोरं जेवून चटयांवर लवंडली होती. शालनताई एका चिमुरडीला झोळीच्या काट्यात बसवून तिचं वजन घेत होत्या. केस पांढरे झालेले. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की मी दारातच सांगून टाकलं, नाहीतर मला पुन्हा जमलं नसतं. चौथा भाग मी तेव्हा वाचला नव्हता. सही केली आणि पुढं दिला. नंतर वाचला, दोन वर्षांनी. तो सगळ्यांत चांगला आहे. मी रांगेचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं. बोलता बोलता मलाच कळलं की मी दोष हंगामावर ढकलतोय. मग म्हणालो, माझं चुकलं, मला लाज वाटते.

त्यांनी मुलीला झोळीतून उचललं, वजन रजिस्टरमध्ये लिहिलं, तिला चटईवर निजवलं. मग विचारलं, 'आता वाचलाय ना? मंग सांगा, शेवंता का गेली?'

मी म्हणालो, 'तिनं मोजलेली कोकरं दीर रोज पुन्हा मोजायचा.'

'आसं कुठं लिवलंय का, म्हनून ती गेली?'

'नाही.'

'मंग तुमाला कसं कळलं?'

'वाचून,' मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता रडतील, किंवा हाकलून देतील. हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यासारखंच ठेवा, ती तीन पानं काढा, जुना चौथा भाग आमच्याकडं आहे, मी झेरॉक्स पाठवतो. त्या बरं म्हणाल्या. ते जमंल, म्हणाल्या. मग उठून कपाटाशी गेल्या, पोषण आहाराच्या रजिस्टरांखालून एक जाड वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. नवी कादंबरी, सहा वर्षांची.

मी पहिलं पान वाचलं. एका ओळीत एक बाई चूल विझवते. पुढच्या ओळीत, तिनं चूल का विझवली ते. त्यापुढच्या ओळीत तिच्या मनात काय होतं ते. दुसऱ्या पानावर तसंच, दहाव्यावर तसंच. मी पानं उलटत गेलो. माझं ते प्रसंग आणि कारणाचं वाक्य वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेलं होतं, माझ्या नावासकट.

'येक वळ लिवायची न् खाली तिचं कारन लिवायचं,' त्या म्हणाल्या. 'तुमी सांगितल्यापासनं तसंच लिवते.'

मी म्हणालो, कारणं सगळी खोडून टाका, ताई. आत्ता, माझ्यासमोर. मी खिशातला पेन काढून त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी तो घेतला. पहिल्या पानावर बराच वेळ धरून ठेवला. बाहेर कुणाची तरी आई पोराला न्यायला आली होती, तिला त्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. मग पेन मला परत दिला.

'खोडले आसते, सर,' त्या म्हणाल्या. 'पन आता माझं मलाच कळत न्हाई, ह्यातली माझी वळ कंची न् तुमची कंची.'